आराखडा फुकट, मग पैसा कशाचा?

पुण्यातल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ‘प्रोजेक्ट’साठी खरेदी करायला येणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या यादीत एक नाव जवळजवळ हमखास असते: आर्डुइनो उनो. तळहातात मावणारा निळा बोर्ड. दुकानदाराचा ठरलेला प्रश्न असतो, ‘ओरिजिनल देऊ की चायना?’ चायना काही शेकड्यांत मिळतो, ओरिजिनलला कितीतरी पट जास्त मोजावे लागतात. दोन्हीवर मेंदू तोच, ॲटमेगा ३२८ पी नावाची आठ बिटांची चिप. बऱ्याच स्वस्त बोर्डांवर यूएसबी सांभाळायला सीएच ३४० ही वेगळी चिप असते, त्यामुळे काही कॉम्प्युटरवर आधी तिचा ड्रायव्हर टाकावा लागतो. तेवढे जमले की पुढे एलईडी लुकलुकायला काहीच फरक पडत नाही. साहजिकच मुले चायना घेतात.

यात चोरी कुठेच नाही, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. उनोचा सर्किटचा नकाशा, बोर्डावर तांब्याच्या रेषा कशा जातात त्याच्या फायली, प्रोग्रॅम लिहिण्याचे सॉफ्टवेअर, सगळे काही कंपनीने स्वतःच जगापुढे ठेवलेले आहे. ते उतरवून घ्या, बदला, कारखान्यात छापा, विका. ओपन सोर्स हार्डवेअर असोसिएशनने या प्रकाराची जी व्याख्या मान्य केली आहे, तिच्यात ‘विकण्याची मोकळीक’ स्पष्टपणे घातलेली आहे. मग ज्यांनी तो आराखडा केला त्यांचे घर चालते कशावर?

याचे उत्तर गेल्या वीस वर्षांत दोनतीनदा बदलले आहे. आणि वस्तू इंटरनेटला जोडल्या जाऊ लागल्यावर तर पार बदलले.

आर्डुइनोचा जन्म उत्तर इटलीतल्या इव्हरेआ गावचा, साल २००५. ऑलिव्हेट्टी या टाइपरायटरवाल्या कंपनीचे हे गाव. तिथे ऑलिव्हेट्टी आणि टेलिकॉम इटालिया यांच्या पैशावर एक डिझाइन संस्था चालत होती. तिथल्या विद्यार्थ्यांना इलेक्ट्रॉनिक्सचा गंध नसे. त्यांना चालणाऱ्या-बोलणाऱ्या वस्तू बनवायच्या असत, आणि त्यासाठी मिळणारा ‘बेसिक स्टॅम्प’ नावाचा बोर्ड शंभर डॉलरच्या घरात जाई. मास्सिमो बांझी हे तिथले शिक्षक. त्यांचा कोलंबियन विद्यार्थी एर्नांदो बारागान याने २००३ मध्ये आपल्या प्रबंधासाठी ‘वायरिंग’ नावाची सोपी प्रणाली उभी केली होती. तिच्याच पायावर बांझी, डेव्हिड क्वार्तिएलेस, टॉम आयगो, जानलुका मार्तिनो आणि डेव्हिड मेलिस यांनी आणखी स्वस्त बोर्ड केला. गावातल्या एका बारचे नाव त्याला दिले. त्या बारला नाव होते इ. स. १००२ मध्ये इटलीच्या गादीवर बसलेल्या आर्दुइन राजाचे. (मूळ पाया घालणाऱ्या बारागानचे नाव मात्र बरीच वर्षे या कथेच्या तळटिपेतच राहिले. ओपन सोर्सच्या परवान्यात श्रेय देण्याची अट असते. सांगोवांगीच्या इतिहासाला ती लागू होत नाही.)

आराखडा मोकळा सोडण्यामागे तत्त्वज्ञान होतेच, पण निकडही होती. संस्था बंद पडण्याच्या बेतात होती, आणि ती बुडाली तर तिच्या मालकीचे सगळे काम तिच्याबरोबर कागदपत्रांच्या ढिगात जाईल अशी भीती होती. सर्वांचे करून टाकले की कोणा एकाबरोबर बुडत नाही.

सर्वांचे करताना एक गोष्ट मात्र त्यांनी मुठीत ठेवली: नाव. बोर्डाची नक्कल करा, पण त्यावर ‘आर्डुइनो’ लिहायचे असेल तर आम्हाला विचारा आणि प्रत्येक बोर्डामागे ठरावीक रक्कम द्या. मार्तिनो यांचा इव्हरेआजवळचा कारखाना बोर्ड बनवी आणि मूळ गटाला मानधन पोचवी. ज्याला मुलांच्या वर्गासाठी शंभर बोर्ड घ्यायचे असत तो शिक्षक दोन पैसे जास्त देऊन नावाचा बोर्ड घेई, कारण शंभरातले दहा बिघडलेले निघाले तर तास वाया जाणार. विकली जात होती ती खात्री. धंद्याचे हे पहिले रूप.

ते किती नाजूक होते हे नावावरूनच भांडण लागले तेव्हा कळले. मार्तिनो यांच्या कंपनीने २००८ च्या शेवटी इटलीत हा ट्रेडमार्क आपल्या नावावर नोंदवला होता. बाकीच्यांनी पुढच्या वर्षी अमेरिकेत अर्ज केला. २०१४ मध्ये कारखान्याने मानधन थांबवले आणि स्वतःचेच नाव ‘आर्डुइनो’ करून घेतले. आता दोन कंपन्या, दोन वेबसाइटी, दोन अस्सल आर्डुइनो. मूळ मंडळींना २०१५ मध्ये अमेरिकेबाहेर आपला माल ‘जेन्युइनो’ नावाने विकण्याची वेळ आली. तडजोड झाली ती ऑक्टोबर २०१६ मध्ये. सर्किट कुणीही छापू शकत होते, त्यामुळे त्यावरून कुणी कोर्टात गेले नाही. एका नावासाठी मात्र दोन वर्षे वकील लढले. कंपनीची मालमत्ता नक्की कुठे होती, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

सॉफ्टवेअरच्या जगातली माणसे इथे एक गोष्ट विसरतात. लिनक्सच्या कोडवर कॉपीराइट चालतो, म्हणून ‘माझे वापरून केलेले तुझेही उघडे ठेव’ अशी अट कायद्याने बजावता येते. सर्किटच्या बाबतीत कॉपीराइट असतो तो चित्राला. त्या चित्रावरून घडवलेल्या, काम करणाऱ्या वस्तूवर हक्क सांगायचा तर पेटंट लागते, आणि पेटंट काढणे महागडे. म्हणून हार्डवेअरचे मोकळे परवाने बऱ्याच अंशी सभ्यतेवर चालतात. जिनिव्हाच्या सर्न या संस्थेने २०११ पासून खास हार्डवेअरसाठी परवाने तयार केले, त्यांत सुधारणाही केल्या, पण चीनमधल्या शेन्झेनच्या कारखान्यात ते वाचायला कोण बसले आहे!

अमेरिकेतल्या दोन कंपन्यांनी या वास्तवाशी झगडण्याऐवजी त्यातूनच वाट काढली. बोल्डर इथली स्पार्कफन नेथन सायडल यांनी २००३ मध्ये विद्यार्थी असताना काढली. न्यूयॉर्कची अ‍ॅडाफ्रूट एमआयटीच्या पदवीधर लिमोर फ्राइड यांनी २००५ मध्ये. दोघांचेही आराखडे उघडे. सायडल यांचे म्हणणे साधारण असे की, नक्कल होणारच आहे, म्हणून आपण पुढच्या बोर्डावर कामाला लागलेले असावे. पेटंटच्या भरवशावर बसलेला आळसावतो. अ‍ॅडाफ्रूटची खरी दौलत तिच्या धड्यांमध्ये आहे. प्रत्येक सेन्सरबरोबर चित्रांसकट लिहिलेला पाठ, चालणारा कोड आणि तो कोड वर्षानुवर्षे जपणारी माणसे. स्वस्त नक्कल घेतलेला मुलगाही शेवटी त्यांचाच पाठ उघडतो. कधीतरी नोकरीला लागल्यावर, कंपनीच्या पैशाने, तो त्यांचाच बोर्ड मागवतो. हा हिशेब लांब पल्ल्याचा आहे. पण या दोन्ही कंपन्या दोन दशके उभ्या राहिल्या, तेव्हा तो अगदीच भाबडा म्हणता येणार नाही.

सगळ्यांनाच तो झेपला नाही. ब्रुकलिनच्या मेकरबॉटने २००९ मध्ये थ्रीडी प्रिंटर विकायला सुरुवात केली. मूळ कल्पना ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठाच्या एड्रियन बोयर यांच्या मोकळ्या ‘रेपरॅप’ प्रकल्पाची. हजारो हौशी लोकांनी सुधारणा सुचवल्या, भाग आखून दिले. २०१२ च्या उन्हाळ्यात कुणीतरी त्यांच्या प्रिंटरची बिनचूक, स्वस्त नक्कल विकायला काढली. तिला गिऱ्हाईक मिळाले नाही, तरी मेकरबॉट धास्तावली, आणि सप्टेंबरमध्ये आलेल्या ‘रेप्लिकेटर २’ चे आराखडे तिने दिलेच नाहीत. पुढच्या वर्षी याच क्षेत्रातल्या स्ट्रॅटासिसने ती सुमारे ४० कोटी डॉलरच्या शेअरांना विकत घेतली. संस्थापकांच्या दृष्टीने हे यशच. पण ज्यांनी रात्री जागून भाग आखून दिले होते त्यांनी पाठ फिरवली ती फिरवलीच. मला मेकरबॉटचा राग येतो तो आराखडा बंद केल्याबद्दल नव्हे. धंदा आहे, बंद करावासा वाटू शकतो. पण दुसऱ्यांच्या श्रमाचे गाठोडे बांधून झाल्यावर दार लावण्याला व्यवहार म्हणत नाहीत.

इथवरची गोष्ट टेबलावर ठेवायच्या वस्तूची होती. एकदा विकली, पैसे घेतले, विषय संपला. २०१४ मध्ये शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी ८२६६ नावाची वायफाय चिप बाजारात पसरली आणि चित्र पालटले. त्याआधी एखाद्या वस्तूला वायफाय द्यायचे तर मूळ बोर्डापेक्षा महाग जोड लागे. आता दोनतीनशे रुपयांत आख्खा बोर्ड येऊ लागला. दिवा, पंप, गेट, कुंडीतली माती, सगळे नेटवर बोलू लागले. एस्प्रेसिफचे चिपसाठी लागणारे बहुतेक सॉफ्टवेअर मोकळे आहे, आणि त्यात कंपनीचे नुकसान काहीच नाही. कोणीही, कसाही बोर्ड बनवला तरी चिप तिचीच लागते. जितकी फुकट पुस्तके, फुकट कोड, फुकट नकला, तितका तिचा खप. २०१९ मध्ये ती शांघायच्या शेअर बाजारात उतरली. मोकळ्या हार्डवेअरमधून ज्यांनी बिनघोर पैसा केला, त्यांत चिपवाले सर्वांत वर आहेत, आणि त्यांच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते.

ज्यांना चिप विकायची नव्हती त्यांच्यापुढे मात्र नवाच पेच आला. घरातला दिवा ऑफिसातून लावायचा तर मध्ये कुठेतरी सतत जागा असलेला सर्व्हर लागतो. त्याचे भाडे, देखभाल, सुरक्षेची डागडुजी दर महिन्याला. वस्तूची किंमत तर गिऱ्हाइकाने एकदाच दिली. म्हणजे बिल्डरने फ्लॅट विकावा आणि त्यातले लाइटबिल जन्मभर स्वतः भरत बसावे, अशी ही व्यवस्था. नवी विक्री धडाक्याने चालू आहे तोवर जुन्यांचे बिल निघते. ती मंदावली की गणित उघडे पडते.

ते कसे उघडे पडते हे रिव्हॉल्व्हच्या गिऱ्हाइकांनी पाहिले. बोल्डरच्याच या कंपनीची घर चालवणारी पेटी सुमारे ३०० डॉलरला मिळे, आणि ‘लाइफटाइम’ सेवा त्यातच असल्याचे सांगितले जाई. २०१४ मध्ये गुगलच्या नेस्टने कंपनी घेतली, माणसे घेतली, पेट्या विकणे थांबवले. १५ मे २०१६ रोजी सर्व्हर बंद झाला. पेटीतले इलेक्ट्रॉनिक्स ठणठणीत होते. ती नुसती हुकूम यायची वाट पाहत राहिली. घरातल्या घरात, दहा फुटांवरचा दिवा लावायलासुद्धा तिला दूरच्या सर्व्हरची परवानगी लागत होती.

मोठ्या कंपन्यांच्या आसऱ्याला गेले म्हणजे निर्धास्त, असेही नाही. गुगलने उद्योगांसाठी चालवलेली आयओटी कोअर ही सेवा ऑगस्ट २०२३ मध्ये गुंडाळली आणि आयबीएमने आपली वॉटसन आयओटी त्याच वर्षाच्या शेवटी. ज्यांची उपकरणे एमक्यूटीटी या मोकळ्या भाषेत बोलत होती त्यांचे हाल कमी झाले: नवा सर्व्हर उभा करायचा, उपकरणातला पत्ता आणि किल्ल्या बदलायच्या. ही भाषा १९९९ ची. तेलाच्या पाइपलाइनवरची मोजमापे महागड्या उपग्रहावरून कमीत कमी बाइटमध्ये पाठवता यावीत म्हणून अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी ती बांधली. काटकसरीच्या या सवयीमुळेच ती पुढे स्वस्त चिपांना मानवली.

मग सर्व्हरचे बिल कुणी आणि का भरावे? मला या प्रश्नाचे सर्वांत प्रामाणिक उत्तर ‘होम असिस्टंट’ने दिलेले वाटते. पाउलुस स्खाउट्सेन या डच प्रोग्रॅमरने २०१३ मध्ये स्वतःच्या घरातल्या फिलिप्सच्या दिव्यांसाठी लिहिलेला हा कोड. पुढे त्यात हजारो लोकांचे हात लागले. गिटहबच्या २०२४ च्या अहवालात सर्वाधिक योगदानकर्ते असलेला प्रकल्प हाच. तो चालतो आपल्या घरातल्या छोट्या कॉम्प्युटरवर. नेट गेले तरी दिवे लागतात, कारण हुकूम घराबाहेर जातच नाही.

असे असताना २०१८ मध्ये या मंडळींनी नाबू कासा नावाची कंपनी काढली आणि महिन्याला पाच डॉलरची वर्गणी ठेवली (ती पुढे थोडी वाढली). तिच्यात मिळते काय? बाहेरून आपल्या घरात सुरक्षित शिरण्याची वाट, आणि अलेक्सा किंवा गुगल असिस्टंटशी जोडणी. यातले प्रत्येक काम फुकटात करता येते आणि कसे करायचे ते त्यांच्याच वेबसाइटवर लिहिलेले आहे. डोमेन घ्या, सर्टिफिकेट बसवा, राउटरमध्ये वाट उघडा, अलेक्सासाठी ॲमेझॉनच्या सर्व्हरवर छोटा प्रोग्रॅम टाका. एक शनिवार जातो, शिवाय सहा महिन्यांनी काहीतरी मोडते ते निराळेच. आपल्याकडे तर अनेक इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता कित्येक घरांत मिळून वाटतात, त्यामुळे राउटरमधली वाट उघडूनही बाहेरचा माणूस आत पोचत नाही. ज्याला ही उठाठेव नको तो वर्गणी भरतो. वर्गणी थांबवली तर गैरसोय होते, घर बंद पडत नाही. नाबू कासाने बाहेरचे गुंतवणूकदार घेतलेच नाहीत, आणि २०२४ मध्ये मूळ कोडची मालकी स्वित्झर्लंडमधल्या ओपन होम फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे दिली. म्हणजे उद्या कुणी नाबू कासा विकत घेतली, तरी होम असिस्टंट त्या सौद्यात मिळत नाही. घरात ठेवायच्या तयार पेट्याही ही कंपनी विकते, आणि ज्यांना जुना लॅपटॉप वापरायचा आहे त्यांना ते मोकळेच.

उद्योगांच्या बाजारात याचाच करडा प्रकार चालतो. युक्रेनमध्ये सुरू झालेले थिंग्जबोर्ड घ्या. कारखान्यातल्या हजारो मीटरांचे आकडे गोळा करून पडद्यावर आलेख दाखवणारा हा प्लॅटफॉर्म. साधी आवृत्ती पूर्ण मोकळी. पण गिऱ्हाइकाला आपल्या कंपनीचा लोगो झळकवायचा असेल, वेळापत्रके नि अहवाल हवे असतील, तर पैसे भरून घ्यायची आवृत्ती वेगळी. ॲमस्टरडॅममध्ये २०१५ मध्ये सुरू झालेल्या द थिंग्ज नेटवर्कने लोकांनी स्वखर्चाने लावलेल्या अँटेनांवर शहरव्यापी जाळे उभे केले. तेच सॉफ्टवेअर भरवशाने चालवून देण्याचे पैसे तिची भगिनी कंपनी उद्योगांकडून घेते. रेषा कुठे ओढायची, हीच यातली कला. फुकट आवृत्ती फार लुळी ठेवली तर कुणी हात लावत नाही, फार भरभक्कम ठेवली तर कुणी पैसे देत नाही.

त्यात ॲमेझॉनसारख्या कंपन्यांचा वेगळा घोर. मोकळा कोड उचलून तोच भाड्याने चालवायला त्यांना कोण अडवणार? डेटाबेस बनवणाऱ्या मोंगोडीबीने २०१८ मध्ये आणि इलॅस्टिकने २०२१ मध्ये याच भीतीने आपले परवाने आवळले. इलॅस्टिकच्या जुन्या, मोकळ्या कोडवरून ॲमेझॉनने लगेच वेगळी शाखा काढली, आणि तीन वर्षांनी इलॅस्टिकनेच मोकळ्या परवान्याचा पर्याय पुन्हा दिला. उपकरणांच्या प्लॅटफॉर्मवाल्यांनी हा तमाशा बाजूला बसून पाहिला आहे. त्यांच्यापैकी कुणीही ॲमेझॉनशी सर्व्हर चालवण्याच्या भावात टिकणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून ते उपकरण आणि सर्व्हर यांच्या सांध्यावर, बसवून देण्यावर आणि फोन उचलण्यावर पैसे घेतात.

आर्डुइनोही याच वाटेने आली. नुसत्या नावाच्या कमाईवर चिनी नकलांसमोर भागेना, म्हणून कारखान्यांसाठी ‘पोर्टेंटा’ हे महाग बोर्ड काढले, आर्डुइनो क्लाउड काढले, त्यात वर्गणीच्या पायऱ्या ठेवल्या. २०२२ मध्ये बॉश, रेनेसास, आर्म अशा नावांकडून ३.२ कोटी डॉलर आले. पैसे देणाऱ्यांत चिप क्षेत्रातली नावे किती होती हे तेव्हा फारसे कुणी मोजले नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये क्वालकॉमने आर्डुइनो विकत घेत असल्याचे जाहीर केले. फोनच्या चिपांवर मोठी झालेली ही कंपनी. तिला हवी होती ती माणसे, जी कॉलेजात ज्या बोर्डावर शिकली तोच पुढे कारखान्याच्या डिझाइनमध्ये घालतात. एस्प्रेसिफला जे आपोआप मिळाले, ते क्वालकॉमने विकत घेतले.

पुढच्याच महिन्यात आर्डुइनोच्या वेबसाइटच्या नव्या अटींवरून वाद उठला. प्लॅटफॉर्मची उलटी चिरफाड करून तो कसा चालतो हे शोधायला त्यांत मनाई होती, आणि अ‍ॅडाफ्रूटने त्यावर जाहीर टीका केली. आर्डुइनोचा खुलासा असा, की ही मनाई फक्त आमच्या क्लाउडपुरती आहे. बोर्ड मोकळे होते तसेच आहेत. तो खुलासा खरा धरायला हरकत नाही. पण एकाच कंपनीत एक दुकान ‘उघडून बघा’ म्हणते आणि शेजारचे ‘हात लावू नका’ म्हणते, तेव्हा नव्या विद्यार्थ्याला उंबरठा कुठे आहे ते कळणे कठीण.

क्वालकॉमच्या घोषणेबरोबरच ‘उनो क्यू’ नावाचा ४४ डॉलरचा बोर्ड आला. त्यावर दोन मेंदू आहेत: एक मायक्रोकंट्रोलर, आणि दुसरा लिनक्स चालवणारा क्वालकॉमचा ड्रॅगनविंग प्रोसेसर. बोर्डाचे आराखडे रिवाजाप्रमाणे प्रसिद्ध आहेत. शेन्झेनमधल्या कुणी उद्या त्याची हुबेहूब नक्कल करायची ठरवली तर परवान्याची आडकाठी नाही. प्रोसेसर मात्र त्याला क्वालकॉमकडूनच आणावा लागेल.